तालमीतला ग्रीस

उट्रेक्ट, नोव्हेंबर २०११

प्रिय मारित,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले. आता खोडत नाही. ग्रोनिंगेनला शिकताना एका खोलीत राहायचो तेव्हापासून सुट्टीत तुला जेवढी पत्रं लिहिली, ती सगळी याच शब्दाने सुरू व्हायची. हे शेवटचं, त्याला वेगळा न्याय कशाला? तुझा निरोप मिळाला. ‘डिसेंबरात पुन्हा ब्रसेल्स, म्हणजे पुन्हा तालीम. मंत्री म्हणतात, ग्रीस फोतिनीच हवी, दुसरं कुणी तसं भांडत नाही. येशील ना, राणी?’ त्यातलं ‘राणी’ वाचून मी हातातला कप असा आपटला की बशीला तडा गेला. मी येणार नाही. तसं मी वर कळवलंय, आणि दुसऱ्या खात्यात बदलीही मागितलीय. तुला वाटेल, वाढदिवसाचा राग अजून उतरला नाही वाटतं. बरोबर वाटेल.

ती तालमीची कल्पना तुझीच, हे मी आजही नाकारत नाही. मागच्या युरोपीय परिषदेआधी अर्थमंत्रालयात नुसती धावपळ होती. अथेन्सचं कर्ज, बुडायला आलेल्या बँका, कुणी किती सोडायचं, कुणी किती आवळायचं, आणि आपले मंत्री प्रत्येक बैठकीत तेच ते वाक्य म्हणत होते की ‘आम्ही कडक राहणार’. तू म्हणालीस, कडक राहणं सोपं आहे, समोर कुणी नसलं की. समोर माणसं बसवा. मग मोठ्या टेबलावर देशांच्या नावांच्या पाट्या लागल्या. वाउटर जर्मनी झाला आणि त्या दिवसापासून त्याने हसणंच सोडलं. योस्ट पोर्तुगाल झाला, कारण तो एकदा तिथे सुट्टीला जाऊन आला होता. ग्रीसची पाटी तू माझ्यासमोर ठेवलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, “हिला काय तयारी लागणार? हिच्या रक्तातच आहे.” सगळे हसले. मीही हसले. मी उट्रेक्टमध्ये जन्मले, इथेच सायकल शिकले, ग्रीक मी बोलते ती स्वयंपाकघरापुरती, पण तुम्ही हसलात की आपणही हसायचं, हे मी शाळेतच शिकले होते.

त्या तीन आठवड्यांत काय काय ऐकलं मी! सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी वाउटर विचारायचा, “काय गं ग्रीस, आजची कॉफी तुझी तू घेणार, की तीही आमच्याच खिशातून?” दुपारी पाव-चीज आणि ताक पुढ्यात आलं की कुणीतरी म्हणायचं, “तिला जरा जास्त वाढा, पुढच्या महिन्यापासून उपासच आहेत.” मी उलट टोला द्यायचे, कारण तेच तर माझं काम होतं. एकदा मंत्री स्वतः म्हणाले की तुमच्या लोकांनी आधी कष्ट करायला शिकावं, मग आमच्याकडे यावं. तेव्हा मी भूमिका वगैरे विसरले. मी म्हटलं, “साहेब, तुमच्या पुलांचं पोलाद ज्या भट्टीत वितळलं, तिच्यासमोर माझा बाप हयातभर उभा होता. त्याच्या भुवया अजून नीट उगवलेल्या नाहीत. कष्ट कुणाला शिकवता?” मंत्री तुझ्याकडे वळून म्हणाले, “हे असं त्यांचा मंत्री बोलणार नाही.” तू म्हणालीस, “बोलेल, साहेब. म्हणून तर हिला बसवलंय.” त्या क्षणी मला वाटलं, तू माझ्या बाजूची आहेस. तू तर फक्त मापं घेत होतीस.

मी हरत नव्हते, तेव्हा तुम्ही चिडत चालला होतात. मग शेवटच्या तालमीत तू मध्येच चहापान जाहीर केलंस. माझ्या शेजारी सल्लागार म्हणून बसलेल्या दोघांना काहीतरी आणायला बाहेर पाठवलंस. मला खिडकीपाशी नेलंस, खांद्यावर हात ठेवलास आणि अगदी हळू, अगदी मायेने म्हणालीस, “पोर्तुगाल तयार झालाय. सकाळीच. आता तू एकटी उरलीस, फोतिनी. ताणू नकोस.” मला ते खरंच वाटलं. टेबलावर परत आले आणि जे इतके दिवस दिलं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं. टाळ्या पडल्या. मंत्र्यांनी तुझी पाठ थोपटली. तेवढ्यात योस्ट तोंडातला घास गिळत म्हणाला, “मी कधी तयार झालो? मी तर इथे चीज खात बसलो होतो.” काय हसलो आपण! मी तुला विचारलं, हे कुठे शिकलीस? डोळे मिचकावून तू म्हणालीस, “गुरू चांगली मिळाली होती.” मला वाटलं, कुठलीतरी प्राध्यापिका असेल.

आणि त्या सगळ्या तयारीचं पुढे काय झालं? ब्रसेल्सला मंत्री बाहेरच्या दालनात बसून राहिले. आत दोन मोठ्या देशांनी आपसांत मिटवलं, कागद तयार होऊन बाहेर आला, बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्या साहेबांना ‘कडक राहणार’ म्हणायलाही कुणी वेळ दिला नाही. तुझा खांद्यावरचा हात कुणाच्याच खांद्यावर पडला नाही. तू परत आलीस ती तोंड पाडून. मला तुझी कीव आली होती, मारित. म्हणून तर तुला म्हटलं, रविवारी माझ्या वाढदिवसाला ये, बाबाही आहेत, जरा बरं वाटेल.

तो रविवार मी तुला पुन्हा सांगणार आहे, कारण तू तो नंतर फोनवर ज्या तऱ्हेने सांगितलास तसा तो नव्हता. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. डच रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. बाबांचंही केलं, मुलीच्या वाढदिवसाचं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत केकची बशी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारचा हेंद्रिक तुला म्हणाला, “काय मग मारित, आमचे पैसे कुठे बुडवून आलात?” आणि त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी कोटाचा खिसा उलटा करून दाखवला, म्हणाले, “शोध, सापडले तर अर्धे तुझे.” सगळे हसले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. बाबांना असली थट्टा पेलता येते. इतकी वर्षं त्यांनी ती पेललीच आहे.

पण तू तेवढ्यावर थांबली नाहीस. ब्रसेल्सहून रिकाम्या हाताने आलेली तू. काहीतरी जिंकल्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी होती. म्हणून तू तालमीची गोष्ट काढलीस. खिडकी, खांदा, पोर्तुगाल, योस्टचं चीज. लोक पोट धरून हसले. मग तू बाबांकडे वळलीस आणि म्हणालीस, “आणि ही युक्ती मला कुणी शिकवली, ठाऊक आहे? तुमच्याच बायकोने!” आणि माझ्या गेलेल्या आईच्या मोडक्यातोडक्या डचची नक्कल करत तू सांगितलंस, की फोतिनीला शिकायला ग्रोनिंगेनला जायचं होतं, आणि बाबा म्हणत होते की आधी गावाकडे भावाला विचारतो. तेव्हा आईने त्यांना एकटं गाठून सांगितलं, मी सकाळीच गावच्या कॉफीच्या दुकानात फोन केला होता, लेफ्तेरिस म्हणाला, जाऊ दे पोरीला, काळ बदललाय. “फोन?” तू आईच्या आवाजात म्हणालीस, “फोन कोण करणार? फोनला पैसे पडतात!”

त्या खोलीत ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणारी दोन माणसं होती. एक बाबा आणि एक मी.

बाबा म्हणाले, “पुन्हा सांग. सावकाश.” तुला वाटलं, म्हाताऱ्याला गंमत आवडली. तू पुन्हा सांगितलीस, सावकाश, नकलेसकट. बाबांनी बशी खाली ठेवली. तुझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “अभिनंदन.” मग बाहेर जाऊन त्यांनी ओव्हरकोट चढवला. मी मागे धावले, तर म्हणाले, “तुझे पाहुणे आहेत, आत जा.” आणि तू? तू आतून विचारत होतीस, “काय झालं? इतकी जुनी गोष्ट!”

जुनी. आता ऐक, किती जुनी ते. थोरल्या काकांनी, म्हणजे लेफ्तेरिसनी, गावातल्या गिरणीवाल्याच्या घरी माझ्या लग्नाचा शब्द दिलेला होता. बाबांना ते पसंत नव्हतं, पण वडिलांच्या माघारी थोरला भाऊ म्हणजे बाप. त्याला विचारल्याशिवाय शब्द कसा मोडायचा? आईने ‘तो हो म्हणाला’ असं सांगितलं तेव्हा बाबा पलंगाच्या कडेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले, हे मी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो. काकांनी दार उघडलं नाही. शब्द मोडून वर भेटायला आला, असं त्यांना वाटलं. स्वतःच हो म्हणून आता रुसून बसलाय, असं बाबांना वाटलं. दोघेही एकाच कणकेचे, विचारणार कोण? त्या बंद दारापासून आजवर ते एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच्या लग्नकार्यात दुसरा नाही, एकाच्या बायकोच्या मातीला दुसरा नाही. आणि आई दर ख्रिसमसला बाबांना म्हणायची, लिही ना त्याला दोन ओळी. बाबा म्हणायचे, आधी त्याने लिहावं.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. तू एकदा तरी म्हणशील की चुकलं, एवढीच माझी अपेक्षा होती. तू म्हणालीस, “फोतिनी, खरं बाहेर आलं ते बरंच झालं की. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीचं नाटक करता.” तुम्ही लोक! आपण एका ताटात जेवलो, मारित. तुझ्या घटस्फोटाच्या वेळी तू माझ्या घरी सोफ्यावर झोपायचीस आणि बाबा तुझ्यासाठी मसूर शिजवून पाठवायचे. इतक्या वर्षांत तू मला कधी ‘तुम्ही लोक’ म्हणाली नव्हतीस. कदाचित मनात म्हणत असशील. तालमीत तुला ते इतकं सहज जमलं, ते उगाच नसणार.

बाबांबरोबर मी गावी गेले. थेसालोनिकीहून बसने कोझानी, पुढे भाड्याची गाडी. कोझानीच्या बाहेर पेट्रोलपंप बंद, गावातली बेकरी बंद, कॉफीच्या दुकानात मात्र खुर्च्या भरलेल्या, कारण कुणाला कामच नाही. माझी ओळख पटल्यावर एक जण मोठ्याने म्हणाला, “आली हॉलंडवाली! आमच्या पेन्शनला कात्री लावून झाली, आता उरल्या कापडाचं माप घ्यायला आलीस?” मी मान खाली घातली. इथे मी ग्रीस, तिथे मी हॉलंड; शिव्या मात्र दोन्हीकडच्या माझ्याच वाट्याच्या. बाबा थांबले नाहीत. सरळ काकांच्या अंगणात गेले आणि काठीने दार वाजवलं.

काकांनी दार उघडलं. फार वाकलेत ते. बाबांकडे पाहून त्यांनी विचारलं, “कोण मेलं?”

“कुणी नाही,” बाबा म्हणाले. “मला एवढंच सांग. पोरीच्या शिक्षणाच्या वेळी तुला माझ्या इव्हान्थियाचा फोन आला होता का?”

“कुठला फोन?”

बस्स. बाबा तिथेच पायरीवर बसले. काका बराच वेळ दाराला धरून उभे राहिले, मग तेही हळूहळू शेजारी बसले. बाबांनी सगळं सांगितलं. काका म्हणाले, “आणि मी तुला शब्दाचा कच्चा म्हणत आलो.” बाबा म्हणाले, “मी तुला.” मी आत जाऊन पाणी आणलं, ते कुणी प्यायलं नाही. संध्याकाळी काकांनी अक्रोड फोडून माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, “तू तिथे सरकारात आमची बाजू मांडलीस म्हणे?” मी म्हटलं, काका, तो नुसता खेळ होता. “खेळात तरी जिंकलीस का?” म्हटलं, हरले. “कशी?” मी हातातले अक्रोड त्यांच्यापुढे धरले.

भाऊ भेटले, म्हणजे गोड झालं, असं तुला वाटेल. फोनवर तू म्हणालेलीस तसं, खरं बाहेर आलं ते बरं झालं! पण बाबांनी जेवढा भाऊ मिळवला तेवढीच बायको गमावली. ते तिचं नाव घेत नाहीत. परत यायला तयार नाहीत. मी म्हटलं, आईने हे माझ्यासाठी केलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा. ते म्हणाले, “तुला पाठवायचंच होतं मला. मी लेफ्तेरिसला फोनवर पटवणार होतो, शिवी खाऊन पटवणार होतो. तिने माझ्यावर तेवढाही विश्वास ठेवला नाही. मग मरेपर्यंत माझ्या शेजारी बसून, लिही त्याला, लिही त्याला म्हणत राहिली. सगळं ठाऊक असून.” निघताना माझ्या हातात त्यांनी उट्रेक्टच्या घराची किल्ली दिली आणि म्हणाले, दफनभूमीत तिच्या शेजारची माझी जागा सोडून दे. “खोटं बोलणाऱ्या बाईशेजारी मला झोपायचं नाही. मला इथेच पुरा.” मारित, ती जागा त्यांनी स्वतः निवडली होती. दर रविवारी तिथलं गवत ते कात्रीने कापायचे.

आता हे पत्र कशासाठी, ते. आईच्या आजारपणात दर गुरुवारी तू तिच्याजवळ बसायचीस, कारण मी मंत्रालयात असायचे. वाटाण्याचं सूप घेऊन यायचीस, तिचे केस विंचरायचीस, तूही तिला आईच म्हणायचीस. हे मी नाकारणार नाही, आज तर नाहीच. त्यातल्याच कुठल्या तरी गुरुवारी तिने तुला ते सांगितलं. मला नाही, बाबांना नाही, तुला; तू आमच्यातली नव्हतीस, तुझ्याकडून ते गावापर्यंत जाणार नाही असं तिला वाटलं असेल. पण वाढदिवसाला तू जे सांगितलंस ते अर्धं होतं, हसू येणारं अर्धं. माझी आई कुठलीही गोष्ट अर्धी सोडत नसे. त्यापुढे ती काय म्हणाली? बाबांना सांगायचं होतं का तिला? इतकी वर्षं कशाची भीती वाटली? ती रडली का? की खरंच हसली? बाबा माझं ऐकत नाहीत, मी तिची मुलगी, तिचीच बाजू घेणार असं म्हणतात. त्या खोलीत तुम्ही दोघीच होता, आणि आता एकटी तू आहेस. तुझ्यापुढे हात पसरायची पाळी माझ्यावर आली, याचा मला जितका संताप आहे तितका तुझ्या ‘तुम्ही लोक’चाही नव्हता. तरी पसरते. बाबांना लिही. मला नको, त्यांना. पत्ता पाकिटाच्या मागे आहे. डच ते वाचतात, फक्त सावकाश. वाक्यं साधी ठेव. माफी मागू नकोस, त्यांना तिच्याबद्दल ऐकायचंय, तुझ्याबद्दल नाही. ती रडली असेल तर तसं लिही, हसली असेल तर तसं लिही. काहीच आठवत नसेल तर तेही लिही. पण त्यांना बरं वाटावं म्हणून एक अक्षरही रचू नकोस, मारित. त्या माणसाशी गोड खोटं एकदा बोलून झालंय.

जी एकेकाळी तुझीच होती ती,
फोतिनी